ॲक्रिलिक इमल्शनला अल्ट्रासाउंड कसा लावायचा: पहिल्यांदाच प्रोब हातात घेणाऱ्यांसाठी

पेंट, ॲडहेसिव्ह, टेक्सटाइल बाइंडर असल्या कुठल्याही लॅबमध्ये एमएमए आणि बीए म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट आणि ब्युटाइल ॲक्रिलेट या दोन मोनोमरचं कोपॉलिमर इमल्शन (दोघांच्या मिश्र पॉलिमरचे पाण्यातले बारीक कण) बनवणं हे रोजचंच काम आहे. आता त्यात अल्ट्रासाउंड वापरायचाय असं गाइडनी सांगितलं की नवीन मुलं काय करतात, तर नेहमीच्या ७०-८० डिग्रीच्या रिॲक्शनमध्येच सरळ प्रोब (अल्ट्रासाउंडनी हलणारी धातूची दांडी) बुडवतात, पॉवर फुल करतात आणि कन्व्हर्जन (किती मोनोमरचं पॉलिमर झालं ते) पटपट वाढलं की खूश होतात, पण ते अल्ट्रासाउंडमुळे वाढलं की प्रोबनी बॅच दहा डिग्री गरम केली म्हणून वाढलं हे बघायच्या भानगडीत कुणी पडत नाही. म्हणून मी सांगेन की केमिकल वजन करायच्या आधी एकच गोष्ट ठरवा, प्रोबकडून नक्की कोणतं काम करून घ्यायचंय.

प्रोब करतो काय

लॅबमधले प्रोब सोनिकेटर बहुतेक २० किलोहर्ट्झच्या आसपास चालतात. टिप पुढे-मागे हलते, पाण्यात दाब एकदम कमी होतो तेव्हा बारीक बुडबुडे तयार होतात आणि दाब वाढला की ते कोसळतात, यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. कोसळताना त्या एवढ्याशा जागेत तापमान ५००० केल्विनच्या घरात जातं आणि दाब शेकडो ॲटमॉस्फिअरचा असतो, पण हे सगळं इतक्या कमी वेळात होतं की बाकीच्या पाण्याला फक्त हळूहळू गरम होणं कळतं.

यातून आपल्याला दोन कामं मिळतात. एक मेकॅनिकल, म्हणजे मोनोमरचे थेंब फोडून १००-२०० नॅनोमीटरपर्यंत आणणं. दुसरं केमिकल, म्हणजे बुडबुड्यात पाण्याचाच रेणू तुटून हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल (रिॲक्शन सुरू करणारे चपळ तुकडे) निघतात आणि त्यावर पॉलिमरायझेशन सुरू होऊ शकतं. स्टायरीनच्या इमल्शनला अल्ट्रासाउंड लावल्याचं काम १९५० साली ऑस्ट्रोस्की आणि स्टॅम्बाउ यांनी छापलं होतं, तेव्हा विषय तसा जुनाच आहे.

मेख अशी की पाणी जितकं गरम तितकं कॅव्हिटेशन मवाळ. बुडबुड्यात पाण्याची आणि मोनोमरची वाफ भरते आणि ती वाफ कोसळण्याचा धक्का झेलून टाकते. एमएमए तर १०० डिग्रीलाच उकळतं, त्यामुळे ७० डिग्रीला त्याची वाफ भरपूर असते. आणि केपीएस म्हणजे पोटॅशियम परसल्फेट, आपला नेहमीचा इनिशिएटर (रॅडिकल देऊन पॉलिमरायझेशन सुरू करणारं केमिकल), त्याला मात्र उष्णताच लागते, ७० डिग्रीला त्याचं अर्धं आयुष्य साधारण ८ तास आणि ८० ला दीड-दोन तास. म्हणजे दोघांची आवड एकदम उलटी. ही ओढाताण डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं आहे.

मार्ग तीन आहेत. पहिला, थंडीत प्रोब लावून मिनिइमल्शन (त्याच १००-२०० नॅनोमीटरच्या मोनोमर थेंबांचं इमल्शन) करायचं, प्रोब बाहेर काढायचा आणि मग नेहमीसारखं गरम करून केपीएस घालायचं. दुसरा, ५०-६० डिग्रीला केपीएस असताना प्रोब पल्समध्ये चालू ठेवायचा. तिसरा, इनिशिएटरच नाही, सगळे रॅडिकल अल्ट्रासाउंडचे. तिसरा मार्ग वाचायला भारी वाटतो पण त्याला सर्फॅक्टंट (थेंब पाण्यात टिकवणारा साबणासारखा पदार्थ) जास्त लागतो, वेग कमी, विजेचं बिल जास्त आणि टिप लवकर झिजते. नवीन माणसानी पहिल्या मार्गानीच सुरुवात करावी, मी खाली तोच सविस्तर लिहितोय.

आधी मोनोमर

बाटलीतल्या मोनोमरमध्ये इनहिबिटर म्हणजे आपोआप पॉलिमर होऊ न देणारा पदार्थ असतो, बहुतेक वेळा एमईएचक्यू (हायड्रोक्विनोनचा मिथाइल ईथर), दहा ते शंभर पीपीएम. तो काढायला बेसिक ॲल्युमिनाचा छोटा कॉलम सगळ्यात सोपा, नाहीतर ५ टक्के कॉस्टिक सोड्यानी दोनदा धुवा, मग पाणी न्यूट्रल लागेपर्यंत डीआय वॉटरनी (आयन काढलेल्या पाण्यानी) धुवा आणि कोरड्या सोडियम सल्फेटवर ठेवून गाळा. इनहिबिटर काढलेला मोनोमर फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-चार दिवसांत संपवा. आणि हो, इनहिबिटर असलेल्या बाटलीवर नायट्रोजन भरून ठेवायचा शहाणपणा करू नका, एमईएचक्यूला काम करायला ऑक्सिजन लागतो.

ॲक्रिलिक ॲसिड पहिल्या बॅचला घालूच नका. ते पीएच बिघडवतं, बायकार्बोनेटबरोबर फेस करतं आणि काही चुकलं तर कशामुळे चुकलं ते कळत नाही. शिवाय ते १३-१४ डिग्रीला गोठतं, डिसेंबर-जानेवारीत नाशिक-पुण्याकडे स्टोअरमधली बाटली सकाळी गोठलेली सापडू शकते. अशी बाटली हीट गननी किंवा कडक गरम पाण्यात वितळवायची नाही. गोठताना इनहिबिटर एका बाजूला राहतो, आधी वितळलेल्या भागात तो नसेल तर तिथेच पॉलिमरायझेशन पेटतं आणि बाटली फुटते. नॉर्मल खोलीच्या तापमानाला हळूहळू, मधूनमधून हलवत वितळू द्या.

सगळं काम फ्युम हूडमध्ये. एमएमएचा फ्लॅश पॉइंट १० डिग्रीच्या आसपास आहे म्हणजे आपल्याकडे बारा महिने ते पेट घेण्याच्या स्थितीतच असतं. नायट्राइल ग्लोव्हजमधून ॲक्रिलेट पटकन आत येतात, सांडलं की लगेच ग्लोव्हज बदला, नाहीतर काही महिन्यांनी बोटांवर ॲलर्जीचे चट्टे येतात आणि ती ॲलर्जी मग जात नाही.

रेसिपी

१०० ग्रॅमच्या आसपासची बॅच धरू. डीआय वॉटर ८० ग्रॅम (यातलं ५ ग्रॅम केपीएस विरघळवायला बाजूला ठेवा), एमएमए १२ ग्रॅम, बीए ८ ग्रॅम, एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, आपला सर्फॅक्टंट) ०.४ ग्रॅम, हेक्साडेकेन ०.६ ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ०.१ ग्रॅम, केपीएस ०.१ ग्रॅम.

६०:४० का? फॉक्सचं समीकरण, म्हणजे कोपॉलिमरचा टीजी (ज्या तापमानाला कडक पॉलिमर मऊ व्हायला लागतो ते) काढायचं सूत्र, लावून बघा. पीएमएमएचा, म्हणजे नुसत्या एमएमएच्या पॉलिमरचा, टीजी १०५ डिग्री म्हणजे ३७८ केल्विन, पीबीएचा, म्हणजे नुसत्या बीएच्या पॉलिमरचा, उणे ५४ म्हणजे २१९ केल्विन. ०.६ भागिले ३७८ अधिक ०.४ भागिले २१९, आणि त्याचा उलटा, उत्तर २९३ केल्विन म्हणजे २० डिग्री येतं. ५०:५० केलं तर ४ डिग्री येईल, फिल्म चिकट लागेल.

एसडीएसचा सीएमसी (ज्याच्या वर त्याचे रेणू गोळा होऊन मायसेल बनतात ते प्रमाण) साधारण २.३ ग्रॅम प्रति लिटर, आपण ५ च्या आसपास घालतोय. जास्त वाटेल पण थेंब बारीक झाले की त्यांचा पृष्ठभाग इतका वाढतो की बराचसा एसडीएस तिथेच जाऊन बसतो, मोकळ्या मायसेल उरत नाहीत आणि तेच आपल्याला हवंय. हेक्साडेकेन कशाला असं सगळे विचारतात. लहान थेंबातला मोनोमर पाण्यातून मोठ्या थेंबात सरकत राहतो, याला ऑस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात. एमएमए पाण्यात लिटरला १५ ग्रॅम विरघळतं त्यामुळे त्याच्यात हे जोरात होतं. हेक्साडेकेन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, ते थेंबातून बाहेर पडू शकत नाही आणि त्यामुळे मोनोमरलाही धरून ठेवतं. हे नसेल तर प्रोबनी केलेलं बारीक काम तासाभरात वाया जातं. बायकार्बोनेट बफर म्हणून, कारण केपीएस तुटताना बायसल्फेट होतं आणि पीएच खाली येतो.

प्रोबची खरी पॉवर मोजा

हे टाळायचं नाही. मशीनवर ५०० वॉट लिहिलंय म्हणून पाण्यात ५०० वॉट जात नाहीत. थर्मोकोलमध्ये गुंडाळलेल्या बीकरमध्ये १०० ग्रॅम पाणी घ्या, जेवढ्या ॲम्प्लिट्यूडवर काम करणार तेवढी ठेवा, सलग दोन मिनिटं चालवा आणि तापमान किती चढलं ते बघा. समजा १० डिग्री चढलं, तर १०० गुणिले ४.१८ गुणिले १० भागिले १२० सेकंद, म्हणजे सुमारे ३५ वॉट. हाच आकडा वहीत लिहायचा, नॉबवरचे टक्के नाही, कारण टिप झिजली की त्याच टक्क्यांवर वॉट वेगळे मिळतात आणि सहा महिन्यांनी जुनी बॅच रिपीट होत नाही तेव्हा सगळे एसडीएसच्या लॉटला शिव्या घालतात.

टिप टायटॅनियम अलॉयची असते. उजेडात तिरकी धरून बघा, चकचकीत असेल तर ठीक, राखाडी आणि खड्डे पडलेली असेल तर पॉलिश करा किंवा बदला. झिजलेलं टायटॅनियम लेटेक्समध्येच (पॉलिमरच्या तयार इमल्शनमध्ये) जातं, ते नंतर तळाशी राखाडी गाळ म्हणून दिसतं.

साफसफाईचा अल्ट्रासॉनिक बाथ वापरून चालेल का, असंही विचारतात. त्यात कुठल्या कोपऱ्यात किती जोर आहे ते सारखं बदलतं, स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा बुडवून ठेवा, काही जागी भोकं पडतील आणि काही जागी ओरखडाही येणार नाही. थिसिससाठी बाथ नको.

सोनिकेशन

पाण्यात एसडीएस आणि बायकार्बोनेट विरघळवा. फेस होऊ न देता हळू ढवळा. दुसऱ्या बीकरमध्ये एमएमए, बीए आणि हेक्साडेकेन एकत्र करा. मोनोमर पाण्यात ओतून मॅग्नेटिक स्टररवर १० ते १५ मिनिटं, दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. केपीएस अजून घालायचं नाही.

उंच आणि अरुंद बीकर घ्या. टिप द्रवात दोन सेंटिमीटर तरी बुडलेली हवी आणि तळाला किंवा काचेला अजिबात लागता कामा नये. टिप वर राहिली तर हवा ओढते, फेस होतो, आणि फेसात टिप गेली की आवाजच बदलतो, कर्कश सीऽऽ ऐवजी पोकळ फुरफुर येतं. असं झालं की थांबा, फेस बसू द्या, टिप खाली घ्या. कानाला इअरमफ लावा, २० किलोहर्ट्झ ऐकू येत नाही हे खरं पण खालच्या फ्रिक्वेन्सीचा जो किंचाळा येतो तो संध्याकाळपर्यंत डोक्यात राहतो. हवेत कोरडा प्रोब कधीच चालवायचा नाही.

५ सेकंद चालू ५ सेकंद बंद असा पल्स ठेवा, एकूण ऑन-टाइम १० मिनिटं. खाली मॅग्नेट हळू फिरत राहू दे, कारण प्रोबचा जोर टिपच्या जवळच असतो, बीकरच्या कडेचा माल आपोआप तिथे येत नाही. बर्फाचा टब लागतोच पण त्यात एक गोम आहे, एसडीएस साधारण १५-१६ डिग्रीच्या खाली पाण्यातून स्फटिक होऊन बाहेर पडायला लागतो. बॅच अगदी ५ डिग्रीला नेली तर सर्फॅक्टंटच गायब. २० ते २५ च्या मध्ये ठेवा, बर्फ कमी-जास्त करत राहा. तापमान बघताना प्रोब बंद असलेल्या वेळेत बघा, थर्मोकपल चालू प्रोबच्या जवळ असेल तर तो स्वतःच तापतो आणि खोटं दाखवतो.

दर दोन मिनिटांनी दोन-चार थेंब काढून डीएलएस (प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांची साइज मोजणं) करा. साइज आधी भराभर खाली येते आणि मग एका आकड्याला अडकते, तिथे थांबायचं, त्यापुढे नुसती उष्णता. डीएलएसला डायल्यूट करताना साधं पाणी घेतलंत तर थेंबातलं एमएमए त्या पाण्यात विरघळून जाईल आणि साइज खोटी लहान येईल. एसडीएसच्या पातळ सोल्युशनमध्ये मोनोमर घालून हलवा, रात्रभर ठेवा, खालचं स्वच्छ पाणी काढा आणि ते वापरा. थोडं मिनिइमल्शन एका व्हायलमध्ये तसंच ठेवून द्या, दुसऱ्या दिवशी वर साय धरली नसेल तर काम झालं.

पॉलिमरायझेशन

२५० मिलीचा चार तोंडांचा फ्लास्क, अर्धचंद्र टेफ्लॉन स्टरर, कंडेन्सर, नायट्रोजन, थर्मोवेल. उघड्या बीकरमधल्या मालात हवा विरघळलेली असते म्हणून माल ओतल्यावर अर्धा तास नायट्रोजन द्या, पण हळू, जोरात सोडलात तर फेस आणि एमएमए दोन्ही वर जातं. नंतर फक्त वरच्या मोकळ्या जागेत नायट्रोजन राहू द्या. २०० ते ३०० आरपीएम पुरे.

७० डिग्रीला स्थिर झालं की बाजूला ठेवलेल्या ५ ग्रॅम पाण्यातलं केपीएस एकदम घाला, आणि पुढची वीस-तीस मिनिटं चहाला जाऊ नका. एमएमएची पॉलिमरायझेशनची उष्णता मोलला ५७ किलोज्यूलच्या आसपास, बीएची ७८, आपल्या बॅचमध्ये मिळून पावणेबारा किलोज्यूल. उष्णता बाहेर गेलीच नाही तर १०० ग्रॅम बॅच ३० डिग्री चढते, म्हणजे ७० वरून १००. त्याआधीच ८३ डिग्रीला एमएमए आणि पाणी मिळून उकळायला लागतात, कंडेन्सरला पाणी चालू आहे का ते केपीएस घालायच्या आधी बघायचं ते याचसाठी. बाथमध्ये टाकायला थंड पाण्याचा मग हाताशी ठेवा. २० टक्के सॉलिडला हे सांभाळता येतं, ४५ टक्क्याला सगळं एकदम घालायचा विचारही करू नका, तिथे मोनोमर थेंबथेंब फीड करावा लागतो.

फीडचं अजून एक कारण आहे. एमएमएचा रिॲक्टिव्हिटी रेशो (साखळीचं टोक आपल्याच मोनोमरला किती पसंत करतं तो आकडा) २ च्या आसपास, बीएचा ०.३-०.४, म्हणजे बॅचमध्ये एमएमए आधी संपतं आणि शेवटच्या साखळ्या बीएच्याच होतात. डीएससीमध्ये (टीजी मोजायच्या मशीनमध्ये) टीजीचा टप्पा पसरट दिसला तर घाबरू नका, ते अल्ट्रासाउंडचं पाप नाही.

दोन-तीन तास ७० ला, मग उरलेला मोनोमर संपवायला तासभर ८० ला, थंड करा, नायलॉनच्या बारीक जाळीतून गाळा आणि जाळीवरचा गोळे झालेला पॉलिमर म्हणजे कोअॅग्युलम वाळवून वजन करा. लेटेक्सला कडेनी निळसर झाक दिसली तर कण बारीक आहेत.

दुसरा मार्ग करणाऱ्यांसाठी एवढंच, प्रोब पहिला अर्धा-एक तासच लावा. कण तयार झाल्यावरही प्रोब चालू ठेवलात तर ताक घुसळल्यावर लोणी यावं तसा पॉलिमर टिपवर गोळा व्हायला लागतो, शिवाय लांब साखळ्या मधोमध तुटतात आणि जीपीसीमध्ये (साखळ्यांची लांबी मोजणाऱ्या टेस्टमध्ये) मॉलिक्युलर वेट खाली गेलेलं दिसतं. कुणी तुम्हाला मुद्दाम वेट कमी करायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. तिसऱ्या मार्गाला नायट्रोजनऐवजी आर्गॉन घ्या, एकअणू वायू असल्यामुळे बुडबुडा जास्त तापतो आणि रॅडिकल जास्त मिळतात.

कन्व्हर्जन आणि कंट्रोल

एक ग्रॅम लेटेक्स ॲल्युमिनियमच्या डिशमध्ये, त्यात हायड्रोक्विनोनच्या सोल्युशनचा एक थेंब म्हणजे डिशमध्ये रिॲक्शन पुढे जाणार नाही, १०५ डिग्रीला वजन स्थिर होईपर्यंत. समजा ०.१८४ ग्रॅम उरलं. एकूण बॅच १०१.२ ग्रॅम, म्हणजे सॉलिड १८.६ ग्रॅम, त्यातून एसडीएस, केपीएस, बायकार्बोनेटचे ०.६ वजा, १८ भागिले २०, ९० टक्के. पण हेक्साडेकेन डिशमध्ये राहिलं की उडालं? सगळं राहिलं असेल तर हाच आकडा ८७ होतो. नुसतं हेक्साडेकेन त्याच ओव्हनमध्ये तेवढाच वेळ ठेवून बघा, मग वाद राहत नाही. कोपॉलिमरमध्ये एमएमए-बीए किती गेलं ते एनएमआर स्पेक्ट्रममध्ये ३.६ पीपीएमचा ओसीएच३ आणि ४.० चा ओसीएच२ यांच्या क्षेत्रफळावरून काढता येतं.

कंट्रोल बॅच करायचीच, तीच रेसिपी, प्रोबऐवजी हाय-स्पीड होमोजिनायझर, बाकी सगळं तेच. दुसऱ्या मार्गात तर कंट्रोलला प्रोबच्या बॅचचा तापमानाचा ग्राफ तसाच्या तसा द्यायचा, प्रोबनी बॅच ५५ वरून ६३ ला नेली असेल तर कंट्रोलही ६३ ला न्यायचा. त्यानंतर जो फरक उरेल तेवढाच अल्ट्रासाउंडचा. एमएमएमध्ये तो बऱ्याचदा अपेक्षेपेक्षा कमी निघतो, कारण एमएमए पाण्यातून आपलं आपण कणापर्यंत पोचतं. खरी मजा २-इथाइलहेक्झाइल ॲक्रिलेट किंवा लॉरिल मेथाक्रिलेटसारख्या पाण्याला न जुमानणाऱ्या मोनोमरमध्ये येते, तिथे थेंबातच पॉलिमर होणं हाच सोपा रस्ता असतो.

मोठी बॅच करायची म्हणालात तर

३५ वॉट गुणिले ६०० सेकंद म्हणजे २१,००० ज्यूल, १०० ग्रॅमला ग्रॅममागे २१० ज्यूल. तेवढीच ऊर्जा एक किलोला त्याच प्रोबनी द्यायची तर १०० मिनिटं ऑन-टाइम, पल्स धरला तर सव्वातीन तासांच्या वर, आणि टिपपासून लांबच्या मालाला तरीही काही मिळेल याची खात्री नाही. म्हणून मोठा बीकर घ्यायचा नसतो, फ्लो सेल घ्यायचा, पंपानी माल टिपसमोरून फिरवत ठेवायचा. मुंबईत माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), म्हणजे जुन्या यूडीसीटीत, अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी कॅव्हिटेशनवर वर्षानुवर्षं काम केलंय, त्यात ग्रॅममागे किती ऊर्जा लागली हा हिशोब सारखा येतो आणि प्रोबच्या जागी व्हेंच्युरी किंवा भोकांच्या प्लेटमधून पंपानी पाणी ढकलून कॅव्हिटेशन करण्याचा हायड्रोडायनॅमिक मार्गही येतो. त्यांचे पेपर वाचताना कॅव्हिटेशनल यील्डची (दिलेल्या ऊर्जेमागे किती काम झालं त्या आकड्याची) व्याख्या आधी बघून घ्या आणि तुमचे ज्यूल त्याच युनिटमध्ये मांडा, म्हणजे तुलना करता येईल.